रनर ‘थांबला’ हे पंच कधी ठरवतात? फॉरवर्ड प्रोग्रेसबद्दल

शुक्रवारचा_पंच

नमस्कार. हा धागा अमेरिकन फुटबॉलबद्दल आहे आणि त्यातल्याही एकाच नियमाबद्दल. गेली तीन वर्षं मी न्यू जर्सीत शाळांच्या सामन्यांना लाइन जज म्हणून उभा राहतो. आठवडाभर नोकरी, शुक्रवारी संध्याकाळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट. माझी जागा मैदानाच्या कडेला, म्हणजे पालकांच्या अगदी पुढ्यात. पाठीमागून कुणीतरी ओरडतं, “अहो, शिट्टी वाजवा की, पोरगं दबलंय!” पुढच्याच खेळीला दुसरा आवाज येतो, “एवढ्या लवकर का वाजवली?” दोन्ही वेळा प्रश्न फॉरवर्ड प्रोग्रेसचाच असतो.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड पुढे जायचं असतं. चेंडू घेऊन पळणारा रनर पडला किंवा रेषेबाहेर गेला की खेळी संपते, हे सगळ्यांना दिसतं. शाळा-कॉलेजात हाताचा पंजा आणि पाऊल सोडून शरीराचा (गुडघ्यासकट) कुठलाही भाग जमिनीला लागला की संपलं, मग कुणी हात लावलेला असो वा नसो. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झालेला असावा लागतो. पण रनर पडलेला नाही, उभाच आहे, दोघा-तिघांनी त्याला कवेत घेतलंय आणि तो आता पुढे जाऊ शकत नाही, अशा वेळीही खेळी संपते. चेंडू ठेवतात तो रनर शेवटी जिथे आदळला तिथे नाही. प्रतिस्पर्ध्याच्या गोलच्या दिशेने तो जास्तीत जास्त जिथवर पोचला होता, तिथे. हाच फॉरवर्ड प्रोग्रेस.

समजा रनरने २० यार्डांच्या रेषेवरून सुरुवात केली, २४ पर्यंत मुसंडी मारली, तिथे दोघांनी त्याला उचललं आणि मागे नेत २१ वर आडवं केलं. चेंडू २४ वर. समोरच्याने जोर लावून मागे नेलेले तीन यार्ड रनरच्या खात्यातून वजा होत नाहीत. मात्र तोच रनर २४ पर्यंत जाऊन, कुणी धरलेलं नसताना, वाट शोधायला स्वतःहून मागे वळला आणि २१ वर पकडला गेला, तर चेंडू २१ वर. मागे जाणं कुणाच्या जोराने झालं, हे पाहायचं.

हवेत झेप घेऊन पास झेलणाऱ्यालाही हेच लागू. त्याने २४ वर झेल घेतला, पाय जमिनीला लागायच्या आत बचावपटूने त्याला मागे ढकललं आणि तो २२ वर मैदानात उतरला, झेल पक्का झाला, तर चेंडू २४ वर.

आता मूळ प्रश्न. “थांबला” हे मी कशावरून ठरवतो?

आधी पाय. रनरच्या टाचा मातीत रुतून पुढे रेटा देत असतील तर तो थांबलेला नाही, मग त्याच्या अंगावर तिघे लटकलेले असले तरी. पाय नुसते जागच्या जागी आपटायला लागले, किंवा जमिनीवरून सुटले, की मी सावध होतो. मग दिशा. घोळका क्षणभर थबकतो आणि पुन्हा पुढे सरकतो, असं खूपदा होतं. त्या थबकण्यावर शिट्टी वाजवायची नाही. तोच घोळका मागे यायला लागला की गोष्ट वेगळी.

आणि सगळ्यात शेवटी चेंडू. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, चामडं दिसल्याशिवाय शिट्टी नाही. रनरच्या काखेत, पोटाशी, कुठे का असेना, चेंडू माझ्या डोळ्यांना दिसला पाहिजे. जागासुद्धा चेंडूचीच द्यायची असते, रनरच्या गुडघ्याची किंवा हेल्मेटची नाही. रनर पुढे झुकलेला असेल आणि चेंडू त्याच्या मागच्या हातात असेल तर डोकं आणि चेंडू यांत सहज अर्ध्या यार्डाचा फरक पडतो.

जागा मनात धरली की त्या यार्डाच्या समोर कडेला येऊन, तिथून काटकोनात आत चालत जायचं. तिरपं धावत गेलं की जागा पुढे-मागे सरकते. पुढचा पाय त्या जागेवर रोवायचा आणि चेंडू ठेवला जाईपर्यंत हलवायचा नाही. पलीकडच्या कडेचा पंच माझ्या समोर तसाच उभा राहतो. रनर त्याच्या बाजूला असेल तर जागा त्याची, मी त्याच्याकडे बघून माझा पाय जुळवतो.

हे सगळं लिहायचं कारण एक सामना. माझं पहिलं वर्ष, नववीच्या मुलांचा खेळ. रनर आत घुसला, चौघांच्या घोळक्यात अडकला. मला चेंडू दिसत नव्हता. पण रनर थांबलाय असं वाटलं आणि मी शिट्टी वाजवली. पुढच्याच क्षणी घोळक्याच्या पलीकडून बचाव करणाऱ्या संघाचा एक मुलगा चेंडू घेऊन धावत सुटला. समोर कुणी नव्हतं. चेंडू आधीच निसटला होता.

आमचे मुख्य रेफरी माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात त्यांनी एकच प्रश्न विचारला. “प्रोग्रेस थांबलेला तू पाहिलास, की तुला वाटलं?”

“हो, पाहिला” असं म्हणालो असतो तर विषय तिथेच संपला असता. प्रोग्रेस थांबला, खेळी आधीच मेली, चेंडू नंतर सुटला, नियमात चोख. मला कुणी खोटं ठरवू शकलं नसतं. मी म्हणालो, “नाही पाहिला.” मग ती चुकीची शिट्टी ठरली. शाळांच्या नियमांप्रमाणे चेंडू ज्यांच्या हातून सुटला त्या संघालाच निवड मिळाली, चेंडू सुटला तिथून पुढे खेळायचं की डाउन पुन्हा. म्हणजे ज्या मुलाने चेंडू उचलला त्याच्या संघाला काहीच मिळालं नाही. तो मुलगा एंड झोनपर्यंत (गोल रेषेपलीकडच्या पट्ट्यापर्यंत) पळत गेला होता, चेंडू हातात घेऊन परत चालत आला आणि माझ्याकडे बघत त्याने तो मला दिला. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून या नियमाचा मी जास्त विचार करतो. प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

---

चाफेकळी

किती छान समजावून सांगितलंत. माझा मुलगा दहावीत आहे, रनिंग बॅक खेळतो, म्हणजे चेंडू घेऊन पळतो. तुमच्या पाठीमागून ओरडणाऱ्यांत माझ्यासारखी आई नक्की असणार. मला खेळातलं फार कळत नाही, पण तिघे-चौघे त्याला धरून उभे असतात आणि पाचवा लांबून धावत येतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. त्या वेळी तरी शिट्टी लवकर का नाही वाजवत? मुलांच्या सुरक्षेपेक्षा अर्धा यार्ड मोठा आहे का?

---

शुक्रवारचा_पंच

@चाफेकळी, ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो आम्हालाही पडतो. सुरक्षा मोठी, यात वाद नाही. शाळेच्या पातळीवर, विशेषतः लहान मुलांच्या सामन्यांत, आम्ही एनएफएलपेक्षा लवकर शिट्टी वाजवतो. रनरला धरून जमिनीवरून उचललं की मी वाट बघत नाही, कारण उचलल्यानंतर पुढची पायरी आपटण्याची असते. मागे रेटत नेत असतील तरी तसंच, जागा त्याला मिळालेलीच आहे, आणखी चार पावलं मागे नेऊन कुणाचंच भलं होत नाही.

पण लवकर वाजवण्यातही एक धोका आहे. शिट्टी ऐकून काही मुलं अंग सैल सोडतात, काही सोडत नाहीत. रनर अजून जोर लावून पळतोय आणि मी वाजवली, तर समोरचा थांबलेला आणि रनर वेगात, अशी धडक होते. म्हणून शिट्टी खेळी संपताना वाजली पाहिजे, मधेच नाही. शिट्टीनंतर लांबून येऊन आदळणाऱ्या पाचव्यासाठी वेगळा उपाय आहे, १५ यार्डांची पेनल्टी. ती देताना मी मागेपुढे पाहत नाही.

---

केसीवाला

मी कॅन्सस सिटीत राहतो. ६ जानेवारी २०१८ चा चीफ्स विरुद्ध टायटन्स प्लेऑफ सामना इथे कुणी विसरलेलं नाही. दुसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही १४-० पुढे होतो. चीफ्सच्या डेरिक जॉन्सनने टायटन्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) मारियोटाला धरलं, चेंडू सुटला, आमच्याकडे आला. रेफरींनी सांगितलं की फॉरवर्ड प्रोग्रेस आधीच थांबला होता. टायटन्सचा चेंडू कायम राहिला, त्यांनी लगेच फील्ड गोल मारला, तीन गुण. सामना आम्ही २२-२१ असा हरलो. एका गुणाने! टीव्हीवर रिप्ले बघताना मला तरी मारियोटा ‘थांबलेला’ दिसलाच नाही, धडक आणि चेंडू सुटणं एकाच क्षणी. आणि वर, यावर रिप्ले घेता येत नाही म्हणे. का घेता येत नाही?

---

पिट्सबर्गकर

@केसीवाला, हाफटाइमला तुम्ही २१-३ पुढे होतात, हेही लक्षात घ्या. दुसऱ्या हाफमध्ये चीफ्सना एकही गुण करता आला नाही. पण तुमची तक्रार खरी आहे, ती शिट्टी मलाही घाईची वाटली होती.

रिप्लेबद्दल सांगतो. एनएफएलच्या नियमांत जागेचा आढावा घेता येतो, म्हणजे पहिला डाउन मिळाला (दहा यार्ड पूर्ण झाले) की नाही, गोल रेषा ओलांडली की नाही. पण रेषेबाहेर जाण्याआधी किंवा चेंडू सुटण्याआधी रनरचा प्रोग्रेस थांबला होता का, हे आढाव्यातून वगळलंय. मला वाटतं त्यामागे विचार असा असावा की गुडघा टेकला की नाही हे कॅमेऱ्यात दिसतं, पाय रेषेवर पडला की नाही हेही दिसतं, पण ‘थांबणं’ ही कुठल्या एका फ्रेममध्ये सापडणारी गोष्ट नाही. चित्र गोठवलं की प्रत्येक रनर थांबलेलाच दिसतो.

---

शुक्रवारचा_पंच

@पिट्सबर्गकर, “चित्र गोठवलं की प्रत्येक रनर थांबलेलाच दिसतो” हे अगदी खरं. उलटही होतं. स्लो मोशनमध्ये धडक आणि चेंडू सुटणं यांत खूप वेळ गेल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो डोळ्याच्या पापणीएवढा असतो.

@केसीवाला, त्या सामन्याबद्दल माझं मत विचाराल तर तिथे जो रेफरी क्वार्टरबॅकच्या मागे उभा होता त्याला मागे रेटलं जाणं जाणवलं असेल, मी टीव्हीसमोर बसून त्याला खोटं ठरवणार नाही. पण मी लाइन जज म्हणून तिथे असतो तर शिट्टी तोंडात दाबून धरली असती. रनर धडकेच्या पहिल्या क्षणी मागे कलतो, ते कलणं म्हणजे थांबणं नव्हे. धरला गेलाय, सुटण्याची धडपड संपलीय, आणि मगच मागे जातोय, असा क्रम दिसला पाहिजे. धडपड चालू असताना चेंडू सुटला तर तो बचाव करणाऱ्याच्या कष्टाचा चेंडू आहे. तो त्याला मिळाला पाहिजे.

---

गोदातीर

धागा वाचून राहवलं नाही. मला हा खेळ माहीत नाही. नातू टेक्सासला असतो, त्याच्यामुळे दोन-तीन सामने टीव्हीवर पाहिले. पण नाशिकात बावीस वर्षं कबड्डीच्या सामन्यांना पंच होतो, त्यामुळे तुमचा “पाहिलास की वाटलं” हा प्रश्न काळजाला भिडला.

कबड्डीत चढाई करणाऱ्याची पकड झाली, चौघे अंगावर पडले, तरी आम्ही लगेच शिट्टी वाजवत नाही. तो दम धरून मध्यरेषेकडे सरपटत असतो. बोटाचं टोक जरी रेषेला लागलं तरी तो सुटला आणि त्याला धरणारे सगळे बाद. त्यामुळे पंचाने जमिनीजवळ वाकून रेषेवर डोळा ठेवायचा. ढिगाऱ्याखालून हात येतो तो नेमका कुणाचा, हेही बघायचं. तुमचं ‘चामडं दिसल्याशिवाय शिट्टी नाही’ तसं आमचं ‘बोट दिसल्याशिवाय निर्णय नाही’.

पण तुमच्या नियमात एक गोष्ट मला नवी वाटली आणि फार आवडली. आमच्याकडे चढाईपटूचा हात रेषेपासून चार बोटांवर आला आणि त्याला मागे ओढलं, तर त्या चार बोटांपर्यंत येण्याचं काहीच मोल नाही. रेषा लागली किंवा नाही लागली, एवढंच. तुमच्याकडे माणूस जिथवर पोचला तिथवरचं त्याचं राहतं. नंतर कितीही मागे ओढा. हा नियम कुणी आणि कधी केला असेल?

---

पिट्सबर्गकर

@गोदातीर, काका, एक तारीख सांगता येणार नाही, पण पार्श्वभूमी सांगतो. ‘डाउन’ हा शब्दच मुळात यातून आलाय. एकोणिसाव्या शतकात रनरला धरलं की तो स्वतः “डाउन!” असं ओरडायचा, तेव्हा खेळ थांबायचा. वॉल्टर कॅम्प या येलच्या माणसाच्या पुढाकाराने १८८० मध्ये स्क्रिमेजची रेषा (जिथून प्रत्येक खेळी सुरू होते ती) आली आणि १८८२ मध्ये तीन डाउनमध्ये पाच यार्डांचा नियम. आता प्रत्येक यार्ड मोजला जायला लागला. मग रनर नेमका कुठवर गेला याला महत्त्व आलं.

त्या काळी खेळ म्हणजे माणसांचे लोंढे एकमेकांवर आदळवणं. आपले लोक रनरला पुढे ओढायचे, समोरचे मागे ओढायचे, मधला माणूस चिरडला जायचा. खेळ इतका हिंसक झाला की ऑक्टोबर १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. तरी त्या मोसमात बरीच मुलं दगावली. १९०६ मध्ये फॉरवर्ड पास (चेंडू पुढे फेकणं) कायदेशीर झाला, तीन डाउनमध्ये दहा यार्ड करावे लागायला लागले. १९१२ मध्ये चार डाउन झाले.

खेळ थांबवणं रनरच्या ओरडण्यावर न ठेवता पंचाच्या शिट्टीवर आणणं, हा याच प्रवासाचा भाग. मागे ओढून काही मिळणारच नाही असं ठरलं की मागे ओढण्याचा मोह कमी होतो. म्हणजे तुम्हाला न्यायाचा वाटला तो नियम चाफेकळीताईंच्या प्रश्नाचंही उत्तर आहे.

---

सांख्यिक

मी अभियंता आहे, त्यामुळे मला वेगळाच प्रश्न पडतो. २०१७ पासून एनएफएलच्या चेंडूंमध्ये चिप असते. २०२५ पासून तर हॉक-आय कॅमेऱ्यांनी मोजणी होते, अंतर मोजायच्या साखळ्या आणून मैदानात ताणायची गरज उरलेली नाही. मग कडेच्या माणसाच्या पायावर अजून का विसंबायचं? चेंडूचा सगळ्यात पुढचा बिंदू संगणक सांगेल.

---

शुक्रवारचा_पंच

@सांख्यिक, हा गैरसमज बऱ्याच जणांचा झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हॉक-आयची मोजणी चेंडू *ठेवल्यानंतर* सुरू होते. पंचाने चेंडू हाताने जमिनीवर ठेवला, आता तो पहिल्या डाउनच्या रेषेपलीकडे आहे की अलीकडे, एवढंच ती सांगते. साखळीचं काम ती करते, पायाचं नाही. पाय चुकला असेल तर मोजणी त्या चुकीला मिलिमीटरपर्यंत अचूक मोजेल.

चिपचं म्हणाल तर ती चेंडूच्या आत आहे, काही इंचांचा फरक पडतोच आणि इथे भांडण इंचांचंच असतं. तरी धरून चालू की उद्या तीही अचूक झाली. ती चेंडूचा सगळ्यात पुढचा बिंदू सांगेल. पण त्या क्षणी खेळी जिवंत होती का? गुडघा आधीच टेकला होता का? रनर मागे आला तो रेटल्यामुळे की स्वतःहून? हे चेंडूला ठाऊक नसतं. बफेलोचा सामना आठवा.

---

पिट्सबर्गकर

बफेलोचं नाव काढलंत, आता मी गप्प बसत नाही. 🙂 २६ जानेवारी २०२५, एएफसीचा (एनएफएलच्या दोन गटांपैकी एकाचा) अंतिम सामना, बफेलोचे बिल्स विरुद्ध चीफ्स. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला बिल्स २२-२१ पुढे, चौथा डाउन, यार्डाहून कमी अंतर. बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन चेंडू घेऊन घोळक्यात घुसला. दोन्ही कडांचे पंच आत आले ते वेगवेगळ्या जागांवर. एकाच्या जागेने पहिला डाउन झाला असता, दुसऱ्याच्या जागेने थोडा कमी पडत होता. कमी पडणारी जागा धरली. रिप्लेमध्ये निर्णय बदलण्याइतकं स्पष्ट काही मिळालं नाही. चीफ्सने तिथून टचडाउन (चेंडू एंड झोनमध्ये नेणं, सहा गुण) केला आणि सामना ३२-२९ असा जिंकला.

@केसीवाला, २०१८ चं तुमचं देणं फिटलं समजा.

---

केसीवाला

@पिट्सबर्गकर, देणं फिटलं असं नाही म्हणणार. त्या रात्री माझ्या शेजारी बफेलोचा एक मित्र बसला होता. आमचा संघ सुपर बोलच्या अंतिम सामन्याला चालला होता आणि त्याचा चेहरा बघून मला माझा २०१८ चा आठवला. कुठल्याच बाजूला असं व्हायला नको.

---

शुक्रवारचा_पंच

दोन पंच दोन जागा घेऊन येतात, यात बेजबाबदारपणा शोधू नका. ॲलन ज्या बाजूला वळून पडला ती बाजू एकाला दिसते, दुसऱ्याला त्याची पाठ दिसते. चेंडू पोटाशी दाबलेला. मधे बावीसपैकी पंधरा-सोळा माणसं. अशा वेळी ठरलेलं असतं की ज्याला चेंडू *दिसला* त्याची जागा. दोघांनाही नाही दिसला तर? मग दोघांनी मिळून अंदाज करायचा, आणि अंदाज आहे हे एकमेकांशी तरी कबूल करायचं.

म्हणूनच मला फिलाडेल्फियाची ती ढकलण्याची खेळी, टश पुश, पंचांसाठी सगळ्यात कठीण वाटते. रनरला मागून ढकलणं एनएफएलमध्ये २००५ पासून चालतं, ओढणं मात्र अजून चालत नाही. ही खेळी बंद करावी म्हणून मे २०२५ मध्ये संघमालकांनी मतदान केलं. २४ मतं हवी होती, २२ पडली, म्हणून खेळी राहिली. तिच्यात क्वार्टरबॅक थबकतो, मागचे ढकलतात, पुन्हा सरकतो, पुन्हा थबकतो. थांबला कधी? माझ्या हिशोबाने घोळका पुढे जातोय तोवर थांबलेला नाही. पण मग चेंडू लांबवून धरलेल्या हातातून बचावपटूने तो हिसकावला, तर तोही चेंडू जिवंतच मानला पाहिजे. २६ ऑक्टोबर २०२५ ला फिलाडेल्फियाविरुद्ध जायंट्सचा बचावपटू थिबोडोने नेमकं हेच केलं आणि प्रोग्रेस आधीच थांबला होता असा निर्णय आला. पुढे सरकून मिळवायची वेळ येते तेव्हा शिट्टी नाही, आणि हरवायची वेळ येते तेव्हा खेळी संपलेली, असं दोन्ही बाजूंनी रनरला झुकतं माप मिळता कामा नये. शिट्टीचा क्षण एकच असला पाहिजे, चेंडू पुढे कुणाच्या हातात जाणार हे कळायच्या आधी ठरलेला.

---

चाफेकळी

ही चर्चा वाचून परवाच्या सामन्याला मी पहिल्यांदा चेंडूऐवजी कडेच्या पंचांकडे बघितलं. खरंच, ते धावत येतात, मग एकदम काटकोनात वळून आत जातात आणि एक पाय पुढे ठेवून पुतळ्यासारखे उभे राहतात. इतकी वर्षं हे दिसलंच नव्हतं.

एक शंका. दुसऱ्या क्वार्टरच्या शेवटी माझ्या मुलाला कडेजवळ दोघांनी धरलं आणि मागे रेटत थेट रेषेबाहेर नेलं. आमचे प्रशिक्षक ओरडत होते, “बाहेर गेला, घड्याळ थांबवा!” पंचांनी हात गोल फिरवून घड्याळ चालूच ठेवलं. आमच्याकडे टाइमआउट उरला नव्हता, वेळ संपला. बाहेर गेल्यावर घड्याळ थांबतं ना?

---

शुक्रवारचा_पंच

@चाफेकळी, ताई, पंच बरोबर होते. आणि या ठिकाणी मी स्वतः एकदा चुकलोय, म्हणून नक्की सांगू शकतो.

रनर पुढे जात असताना, किंवा आडवा पळत असताना बाहेर गेला तर घड्याळ थांबतं. पण मैदानाच्या आतच त्याला धरलं, पुढे जाणं संपलं आणि मग मागे रेटत बाहेर नेलं, तर खेळी आतच संपलेली असते. रेषेबाहेर जाणं नंतरचं. म्हणून घड्याळ चालू. हात गोल फिरवणं हीच त्याची खूण.

मी चुकलो तेव्हा रेषेकडे बघत होतो, रनरचा पाय बाहेर पडला की नाही इकडे. पाय बाहेर पडला, मी दोन्ही हात वर करून घड्याळ थांबवलं. मुख्य रेफरींनी मागून सगळं पाहिलं होतं, त्यांनी घड्याळ पुन्हा सुरू करायला लावलं. नंतर म्हणाले, आधी दिशा बघ, मग रेषा.

तुमच्या मुलाला एक सांगा. कडेजवळ धरलं गेलं तर पाय पुढेच चालवत ठेव आणि पुढच्या बाजूने बाहेर पड, एक यार्डानेही चालेल. मागे जात बाहेर पडलास तर घड्याळ चालू राहणार.

---

गोदातीर

पंचमहोदय, शेवटचा प्रश्न, मग झोपतो, इकडे रात्रीचे अकरा वाजलेत. तुम्ही “नाही पाहिला” म्हणालात, त्या मुलाच्या संघाचं पुढे काय झालं? आणि तुमच्या रेफरींनी तुम्हाला पुढच्या सामन्याला घेतलं का?

---

शुक्रवारचा_पंच

काका, तो संघ हरला. सहा गुणांनी. म्हणजे तो टचडाउन धरला असता तर निदान बरोबरी झाली असती.

सामन्यानंतर त्यांच्या प्रशिक्षकांना भेटायला मी गेलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पुढच्या वेळी थांबून बघ. तो मुलगा मागे उभा होता, हेल्मेट काढलेलं, केस घामाने चिकटलेले. त्याला मी सांगितलं की चेंडू सुटलेला तू पाहिलास आणि मी नाही पाहिला, चूक माझी. त्याने मान हलवली.

रेफरींनी पुढच्या शुक्रवारी मला घेतलं. गाडीत बसताना त्यांनी मला बोटात अडकवायची शिट्टी दिली. तोवर मी गळ्यातली, कायम ओठांत धरलेली शिट्टी वापरायचो. बोटातली शिट्टी तोंडापर्यंत न्यायला क्षणभर वेळ लागतो, आणि तेवढ्यात चेंडू कुठे आहे ते दिसतं. अजून तीच वापरतो.